नोटॅम कसा वाचायचा: डिस्पॅच डेस्कवरची पद्धत

२०२५च्या मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद झाले, तेव्हा बहुतेक बातम्यांत एक चमत्कारिक वेळ होती: १५ मे, पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत. ओळखीतल्या अनेकांनी मला विचारलं, सरळ साडेपाच का नाही? याचं कारण असं की नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनेत, भारतीय वेळ नसतेच. त्यात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, बोलताना आम्ही तिला झुलू टाइम म्हणतो, आणि आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालतं. बंदी १४ मेच्या यूटीसी दिवसाच्या शेवटापर्यंत, म्हणजे २३५९ पर्यंत होती. आपल्याकडे तेव्हा १५ तारीख उजाडलेली आणि पहाटेचे ५:२९. प्रत्यक्षात हे विमानतळ १२ मेलाच पुन्हा सुरू झाले. मुदत संपायच्या आधीही नोटॅम मागे घेता येतो, हेही त्याच बातमीतून कळतं.

मी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये डिस्पॅचर आहे. फ्लाइट निघण्याआधी तिचा मार्ग, उतरायचा विमानतळ आणि पर्यायी विमानतळ यांचे नोटॅम वाचायचे आणि त्यातलं वैमानिकाच्या कामाचं बाजूला काढायचं, हे माझं रोजचं काम. माझा भाचा सध्या फ्लाइंग शिकतोय. रात्री-अपरात्री त्याचा व्हॉट्सॲपवर एखादा नोटॅम येतो आणि खाली प्रश्न: "मावशी, हे नक्की काय म्हणतंय?" त्याला समजावताना जी पद्धत पक्की होत गेली ती इथे लिहितेय. परीक्षेला बसणाऱ्यांना ती उपयोगी पडेलच, पण बातम्यांमध्ये 'नोटॅम जारी' ऐकून कुतूहल वाटणाऱ्यालाही यातलं बरंच कळेल. हवामानाच्या मेटार आणि टॅफ या सांकेतिक अहवालांचा विषय वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

विमानतळ, धावपट्टी, दिवे, दिशादर्शक उपकरणं, हवाई हद्द यांत काही बदललं किंवा बिघडलं आणि ते उड्डाणाआधी कळणं गरजेचं असलं, की नोटॅम निघतो. कायमची माहिती एआयपी नावाच्या अधिकृत ग्रंथात असते आणि त्याला तात्पुरता किंवा तातडीचा फरक पडला की नोटॅम. तीन महिने किंवा त्याहून जास्त चालणारं काम असेल तर ते सहसा एआयपीच्या पुरवणीत घालतात. भारतात हे सगळं भारतीय विमानतळ प्राधिकरण, म्हणजे एएआय, प्रसिद्ध करतं. साचा मात्र आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे इकाओचा आहे. त्यामुळे मुंबईचा नोटॅम वाचता आला की माद्रिदचाही येतो.

मूळ नोटॅम रोमन कॅपिटल अक्षरांत असतो. इथे मी ती अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. मुंबईत दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या काही तास बंद ठेवतात. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद होत्या. त्यावरून शिकवण्यासाठी जुळवलेला हा नमुना. क्रमांक माझा आहे, तारीख आणि वेळ खरी:

ए०१२३/२३ नोटॅमएन
क्यू) व्हीएबीएफ/क्यूएमआरएलसी/आयव्ही/एनबीओ/ए/०००/९९९/१९०५एन०७२५२ई००५
ए) व्हीएबीबी
बी) २३१०१७०५३०
सी) २३१०१७११३०
ई) आरडब्ल्यूवाय ०९/२७ अँड १४/३२ सीएलएसडी ड्यू मेंट

वरून खाली वाचू नका

नवखा माणूस क्यू ओळीपाशी अडकतो आणि तिथेच दमतो. मी भाच्याला सांगितलं, ती ओळ आधी सोडून दे. आधी ए, मग बी आणि सी, मग असेल तर डी. त्यानंतर ई. क्यू सगळ्यात शेवटी.

ए म्हणजे कुठे. व्हीएबीबी हा मुंबईचा चार अक्षरी कोड. भारतातले कोड व्ही अक्षराने सुरू होतात आणि दुसरं अक्षर विभाग सांगतं: ए पश्चिम, आय उत्तर, ई पूर्व, ओ दक्षिण. पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी, जुहू व्हीएजेजे. तिकिटावरचे बीओएम, पीएनक्यू हे तीन अक्षरी कोड इथे चालत नाहीत.

बी म्हणजे केव्हापासून, सी म्हणजे केव्हापर्यंत. दहा आकडे दोन-दोन करून तोडायचे: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. २३ १० १७ ०५ ३०, म्हणजे २०२३ सालच्या ऑक्टोबरची १७ तारीख, यूटीसी साडेपाच. साडेपाच तास मिळवा, सकाळचे अकरा. सी मध्ये साडेअकरा, म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. ही बेरीज तोंडी करू नका, कागदावर करा. संध्याकाळी साडेसहानंतर यूटीसीत जे काही लिहिलेलं असतं त्याला साडेपाच तास मिळवले की तारीख बदलते, आणि घोळ नेमका तिथे होतो.

डी म्हणजे त्या मुदतीतलं वेळापत्रक. सगळ्या नोटॅममध्ये ते नसतं, पण असलं की फार महत्त्वाचं. पुण्याच्या लोहगावची धावपट्टी नव्याने करायचं काम चाललं होतं तेव्हा २०२०च्या ऑक्टोबरच्या शेवटापासून जवळपास वर्षभर रात्री ८ ते सकाळी ८ विमानतळ बंद असायचा, आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये तर सलग दोन आठवडे पूर्ण बंद होता. रात्री ८ ते सकाळी ८ हे डी मध्ये लिहायचं झालं तर 'डेली १४३०-०२३०' असं होतं. नुसतं बी आणि सी पाहणाऱ्याला वाटेल, विमानतळ कित्येक महिने बंद. डी नीट न वाचणाऱ्याला १४३० म्हणजे दुपारचे अडीच वाटतील. खरा अर्थ दोन्हींपेक्षा निराळा: दिवसा या, रात्री येऊ नका.

सी मध्ये आकड्यांच्या पुढे ईएसटी लिहिलेलं असेल तर तो वेळ अंदाजे आहे. असा नोटॅम त्या वेळेला आपोआप संपत नाही. तो रद्द करणारा किंवा बदलणारा दुसरा नोटॅम निघेपर्यंत तो लागूच असतो. वेळ उलटून गेली आहे म्हणून यादीतून खोडून टाकू नका. सी मध्ये पर्म असेल तर बदल कायमचा आहे आणि पुढे एआयपीत जाणार आहे.

ई मधली आखूड भाषा

ही आखूड अक्षरं टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आलेली आहेत, तेव्हा प्रत्येक अक्षर पाठवायला वेळ आणि पैसा लागायचा. इकाओच्या ८४०० क्रमांकाच्या दस्तऐवजात त्यांची पूर्ण यादी आहे, आणि भारतापुरती यादी एआयपीच्या जेन २.२ या भागात फुकट वाचता येते. ती पाठ करत बसू नका. रोज लागणारे शब्द पंचवीस-तीस आहेत आणि ते वापरून वापरून बसतात.

जागेचे शब्द: आरडब्ल्यूवाय धावपट्टी (०९/२७ हे तिच्या दोन टोकांचे क्रमांक), टीडब्ल्यूवाय टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे नेणारा रस्ता, टीएचआर धावपट्टीचा उंबरठा, म्हणजे उतरण्यासाठीच्या भागाची सुरुवात, डीटीएचआर म्हणजे पुढे सरकवलेला उंबरठा. हा शेवटचा दिसला की उतरायला मिळणारी लांबी कमी झाली असं समजायचं आणि लगेच एलडीएचा, म्हणजे उतरायला उपलब्ध लांबीचा, आकडा शोधायचा. उड्डाणासाठी तोरा (धावायला उपलब्ध लांबी) आणि अस्दा (वेग घेऊन उड्डाण सोडून थांबायला उपलब्ध लांबी) बघायचे. अवस्थेचे शब्द: सीएलएसडी बंद, यू/एस नादुरुस्त, एव्हीबीएल उपलब्ध, डब्ल्यूआयपी काम चालू, मेंट देखभाल, सीटीएन सावधान, पीपीआर आधी परवानगी घ्या. वेळेचे: एच२४ अहोरात्र, एसआर सूर्योदय, एसएस सूर्यास्त, ईएक्ससी वगळून.

यू/एस या दोन अक्षरांपाशी मी थोडी थांबते, कारण डिस्पॅच डेस्कवर सगळ्यात जास्त विचार त्यांच्यावरच होतो. समजा नोटॅम म्हणतो, आयएलएसचा जीपी यू/एस. आयएलएस म्हणजे ढगात किंवा धुक्यात विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा. जीपी म्हणजे ग्लाइड पाथ, विमानाला खाली येण्याचा उतार दाखवणारा सिग्नल. डावी-उजवीकडची दिशा दाखवणारा लोकलायझर चालू आहे, फक्त उतार मिळणार नाही. जानेवारीच्या स्वच्छ दुपारी वैमानिक हे वाचून पान उलटेल. तोच नोटॅम जुलैच्या मुंबईत वाचा. आयएलएस पूर्ण चालू असताना पहिल्या श्रेणीच्या अप्रोचला, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना, विमान साधारण २०० फुटांपर्यंत ढगातून खाली येऊ शकतं, धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटर असली तरी चालतं. जीपी गेला की ही किमान उंची वर सरकते. किती सरकते ते त्या अप्रोचच्या चार्टवर असतं. ढग तीनशे फुटांवर टेकलेले असतील तर कालपर्यंत जमणारं लँडिंग आज जमणार नाही.

मग प्रश्नांची साखळी सुरू होते. दुसऱ्या धावपट्टीचा आयएलएस चालू आहे का? तिथला वारा कसा आहे? नसेलच जमत तर कुठे जायचं, अहमदाबाद की हैदराबाद? तिथे किती वाजता पोहोचणार, आणि त्या वेळेला तिथे काही बंद आहे का? म्हणजे तिथले नोटॅम वाचायचे. मग वरचं इंधन किती घालायचं ते ठरतं. दोन अक्षरांच्या नोटॅमवरून काही टन इंधनाचा निर्णय होतो. म्हणून मी नोटॅम आणि हवामान कधीच वेगवेगळं वाचत नाही, दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवते.

उंचीच्या बाबतीतही असंच डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं. क्रेन उभी केली, टॉवरचे दिवे बंद पडले, असे नोटॅम शहरांजवळ सतत निघतात. त्यात उंचीपुढे एएमएसएल आहे की एजीएल, हे आधी बघा. एएमएसएल म्हणजे समुद्रसपाटीपासून, एजीएल म्हणजे जमिनीपासून. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-बारा मीटरवर आहे, तिथे दोन्हींत फारसा फरक पडत नाही आणि त्यामुळे हे न बघायची सवय लागते. लोहगाव सुमारे ५९२ मीटर उंचीवर आहे. तिथल्या नोटॅममध्ये क्रेन ६३० मीटर एएमएसएल असेल तर ती विमानतळापेक्षा चाळीस मीटरही वर नाही. उलट १२० मीटर एजीएल लिहिलं असेल तर ती कितीतरी जास्त त्रासदायक.

आता क्यू ओळ

ही ओळ मुख्यतः संगणकाला गाळणी लावण्यासाठी असते. तिरक्या रेघांनी तिचे तुकडे पाडलेले असतात. पहिला तुकडा व्हीएबीएफ, म्हणजे मुंबईची फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, आकाशाचा तो प्रशासकीय विभाग. भारतात असे चार मोठे विभाग आहेत: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई.

दुसरा तुकडा हा खरा कोड. क्यू नंतरची दोन अक्षरं विषय सांगतात, शेवटची दोन अवस्था. एमआर म्हणजे धावपट्टी, एलसी म्हणजे बंद. ही जोडी-जोडी फोड समजली की निम्मं काम झालं. एमएक्स टॅक्सीवे, एफए विमानतळ, ओबी अडथळा, एलपी पापी, म्हणजे उतरण्याचा उतार दाखवणारे दिवे, एनव्ही व्हीओआर हे दिशादर्शक रेडिओ उपकरण. अवस्थेत एएस नादुरुस्त, एके पुन्हा नेहमीसारखं चालू, सीए कार्यान्वित, सीई उभारलं, एचडब्ल्यू काम चालू, एलडब्ल्यू होणार आहे. आता क्यूएमएक्सएलसी आणि क्यूओबीसीई तुमचे तुम्हीच सोडवा. अवस्थेच्या जागी एक्सएक्स असेल तर कोड पुरा पडलेला नाही, सगळा अर्थ ई मध्ये आहे.

तिसरा तुकडा आयव्ही. भाच्याने एकदा विचारलं होतं, "मावशी, हा रोमन चार कशाचा?" तो चार नाही. आय म्हणजे उपकरणांवर उडणारी विमानं, व्ही म्हणजे डोळ्यांनी बघून उडणारी, आणि दोन्ही एकत्र म्हणजे दोघांनाही लागू. शिकाऊ वैमानिक बहुतेक व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बघूनच उडतात, तेव्हा नुसतं आय असलेले नोटॅम सहसा मागे ठेवता येतात. पुढच्या एनबीओमध्ये एन म्हणजे तातडीने लक्ष द्यावं असा, बी म्हणजे उड्डाणापूर्वीच्या माहितीपत्रकात घेण्याजोगा, ओ म्हणजे उड्डाणाच्या दृष्टीने महत्त्वाचा. त्याऐवजी एम असेल तर किरकोळ. मग ए, ई किंवा डब्ल्यू: विमानतळ, मार्ग, की हवाई इशारा.

शेवटी खालची-वरची हद्द शेकडो फुटांत आणि मग अक्षांश-रेखांश. १९०५एन०७२५२ई००५ म्हणजे १९ अंश ५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं पूर्व, भोवती ५ सागरी मैलांचं वर्तुळ. या वर्तुळाला आणि ०००/९९९ या आकड्यांना बंदीची खरी हद्द समजू नका. ते शोधासाठी आहेत आणि मुद्दाम सैल ठेवलेले असतात. खरी हद्द ई मध्ये, आणि हवाई क्षेत्राचा नोटॅम असेल तर एफ आणि जी मध्ये. एफ म्हणजे तळ, जी म्हणजे माथा. एसएफसी म्हणजे जमीन किंवा समुद्राचा पृष्ठभाग, यूएनएल म्हणजे वर मर्यादाच नाही, एफएल १०० म्हणजे प्रमाण दाबावर मोजलेले दहा हजार फूट.

बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र चाचणीसाठी नोटॅम निघाला की वाहिन्यांवर नकाशे झळकतात ते याच रकान्यांवरून. ई मध्ये चार-पाच अक्षांश-रेखांशांची ओळ असते, ते बिंदू क्रमाने जोडले की क्षेत्र तयार होतं. एफ मध्ये एसएफसी, जी मध्ये यूएनएल. सहसा अशी सूचना किमान सात दिवस आधी द्यायची अपेक्षा असते, म्हणून बातमीला वेळ मिळतो. पण कोणतं क्षेपणास्त्र, हे नोटॅम सांगत नाही आणि सांगणारही नाही. तो फक्त म्हणतो की या वेळेत या भागातून जाऊ नका. क्षेत्राची लांबी मोजून पल्ल्याचे अंदाज बांधले जातात, ते बांधणाऱ्याचे. चाचणी पुढे ढकलली गेली तरी नोटॅमचा दिवस बदलतो, तेव्हा जुना नकाशा जपून ठेवण्यात अर्थ नाही.

क्रमांकाच्या पुढचा शब्दही वाचायचा. नोटॅमएन नवा, नोटॅमआर जुन्याच्या जागी आलेला, नोटॅमसी जुना रद्द करणारा. आर आणि सी मध्ये पुढे जुन्या नोटॅमचा क्रमांक असतो. हातातल्या यादीत तो क्रमांक शोधून काट मारायची. 'ट्रिगर नोटॅम' दिसला तर तो एआयपीतल्या एखाद्या मोठ्या बदलाकडे बोट दाखवतोय. तेव्हा नोटॅमवर न थांबता ती मूळ सुधारणा किंवा पुरवणी उघडा.

लांबलचक यादीतून कामाचं कसं काढायचं

एकेक नोटॅम समजणं हा सोपा भाग. अवघड आहे ती यादी. ७ जुलै २०१७च्या रात्री टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं ७५९ हे विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. तिथली २८ डावी धावपट्टी कामासाठी बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांनी २८ उजवीलाच डावी समजलं आणि शेजारच्या टॅक्सीवेला २८ उजवी. त्या टॅक्सीवेवर चार विमानं उड्डाणासाठी रांगेत उभी होती. विमान पुन्हा वर घेतलं गेलं तेव्हा ते जमिनीपासून साठ फुटांच्या आसपास येऊन गेलं होतं. धावपट्टी बंद असल्याचा नोटॅम त्यांच्या कागदांत होता, २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचे, एनटीएसबीचे, अध्यक्ष रॉबर्ट समवॉल्ट यांनी २०१८मध्ये या पद्धतीवर जाहीरपणे कडक टीका केली. ती मला शंभर टक्के पटते. गवत कापणीचा नोटॅम आणि बंद धावपट्टीचा नोटॅम एकाच ठशात, एकाच पानावर छापायचे आणि थकलेल्या माणसाने फरक ओळखावा अशी अपेक्षा करायची, हे बरोबर नाही. पद्धत सुधारायचे प्रयत्न चालू आहेत. तोपर्यंत आपल्यालाच चाळणी लावायला हवी.

माझी चाळणी अशी आहे. आधी कागदाच्या डोक्यावर स्वतःच्या वेळा यूटीसीत लिहायच्या: निघायची, पोहोचायची, पर्यायी विमानतळावर पोहोचायची. प्रत्येकीच्या मागे-पुढे तास-दीड तासाची सोय ठेवायची, कारण उशीर होतोच. मग बी, सी आणि डी बघून जे नोटॅम या वेळांना लागूच नाहीत त्यांवर हलकी रेघ मारायची. ईएसटीवाले ठेवायचे. यातच यादी बरीच आटोपते. उरलेल्यांत आधी धावपट्टी, मग अप्रोचची उपकरणं आणि दिवे, मग हवाई क्षेत्र, मग इंधन आणि अग्निशमन सेवा, आणि शेवटी टॅक्सीवे आणि पार्किंग. शिकाऊ वैमानिकाने हवाई क्षेत्र दुसऱ्या क्रमांकावर घ्यावं, कारण तो कमी उंचीवर, बघत-बघत उडतो आणि अशा क्षेत्रात नकळत शिरायची शक्यता त्याला जास्त.

आणि उरलेल्या प्रत्येक नोटॅमशेजारी पेन्सिलने एक मराठी वाक्य लिहायचं. 'धावपट्टी बंद' असं नाही, तर 'मी ११:४० ला पोहोचेन तेव्हा २७ मिळणार नाही, १४ वर उतरावं लागेल' असं, कर्ता मी असलेलं. वाक्य लिहिता येत नसेल तर नोटॅम समजलेला नाही. वाक्य लिहूनही काहीच बदलत नसेल तर तो नोटॅम आज तुमच्यासाठी नाही, त्यावरही रेघ मारा. भाच्याने सुरुवातीला कुरकुर केली, आता त्याच्या गठ्ठ्याच्या समासात ही वाक्यं मला दिसतात आणि फार बरं वाटतं.

निघायच्या अगदी आधी यादी पुन्हा काढा. पहाटे चारला ब्रीफिंग घेतलं आणि फ्लाइट सातला सुटली, तर मधल्या तीन तासांत नवा नोटॅम पडू शकतो. फक्त नवे क्रमांक बघायचे असतात, पाच मिनिटं लागतात. आणि एखादा नोटॅम दोनदा वाचूनही दोन अर्थ निघत असतील, तर बरा वाटणारा अर्थ धरून चालू नका. विमानतळाच्या ब्रीफिंग ऑफिसला फोन लावा आणि क्रमांक सांगून विचारा. असे फोन त्यांना रोज येतात.

सरावासाठी एएआयच्या एआयएम इंडिया संकेतस्थळावरून व्हीएबीबी आणि व्हीएपीओ यांची आजची यादी काढा. उद्या सकाळी ९ वाजता मुंबईहून निघून पुण्याला उतरायचं आहे असं धरा. ९ चे यूटीसी किती, ते आधी कागदावर लिहा, मग रेघा मारायला घ्या.